पुनर्वसनाची धून

मार्गशीर्ष लागला की लातूरच्या हवेला तुरीचा वास येतो. डाळमिलींच्या पटांगणात भिजवून वाळत टाकलेल्या तुरीचा तो वास, थोडा कोंड्याचा, थोडा मातीचा आणि बराचसा कलत्या उन्हाचा; दुपार उतरणीला लागली की तो गच्चीवरून आमच्या घरात येतो आणि संध्याकाळपर्यंत रेंगाळतो. जन्मभर लातुरात राहिलेल्यांना तो जाणवतही नाही. मी मूळचा नांदेडचा, गोदावरीकाठच्या ओलसर वाऱ्यात वाढलेला आणि नोकरीने इथे आलेला, म्हणून इतक्या वर्षांनीही त्याची मला सवय झालेली नाही. गेल्या हिवाळ्यापासून मात्र त्या वासाला एक सूर चिकटला आहे. वास आला की बासरीवरची एक धून ऐकू येते, तिच्या तळाशी लाकडावर पडणारे दोन बारीक ठोके ऐकू येतात, आणि ठोक्यांनंतर एक रिकामी मात्रा. ही धून कुठल्या घराण्याची नाही की कुठल्या देवळातली नाही. ती एका जपानी व्हिडिओ गेममधली आहे. हे लिहिताना थोडा संकोच वाटतो, कारण मी महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि माझ्या वयाच्या, माझ्या पेशाच्या माणसाने हळवं व्हायचंच असेल तर बऱ्यापैकी प्रतिष्ठित गोष्टींवर व्हावं, अशी लोकांची अपेक्षा असते. पण माणसाचे कान कुठे अडकावेत हे काही त्याच्या हातात नसतं.

माझे कान अडकले ते नांदेडात, वजिराबादच्या एका बोळातल्या रहीमभाईंच्या दुकानात. दुकान म्हणजे अंधारी खोली, भिंतीला लागून टीव्ही, समोर बाकडी, आणि सगळ्यावर अगरबत्ती आणि तापलेल्या तारांचा मिसळलेला वास. गेमच्या कॅसेट्स हैदराबादहून यायच्या, त्यांतल्या बऱ्याच थेट जपानी असायच्या, आणि त्यांतलं अक्षरही आम्हाला वाचता येत नसे. आम्ही म्हणजे मी आणि बालाजी. बालाजी भोकरचा, शिकायला नांदेडला खोली करून राहिलेला, उंच, सावळा, बोलताना सतत बोटांनी मांडीवर पेटी वाजवणारा. भजनात पेटी धरण्याचा वारसा त्याच्याकडे आजोबांकडून आलेला. बाकीची मुलं गाड्या पळवायची, गोळ्या झाडायची. आम्ही दोघं कोपऱ्यातला टीव्ही धरून त्या संथ, लांबलचक जपानी खेळांपुढे बसायचो, ज्यांत एक मुलगा लहानशा गावातून निघतो, रानं-डोंगर तुडवत जातो, वाटेत माणसं जोडतो, आणि शेवटी जग वाचवतो. या खेळांत लढाया असतात, पण त्या वाटेत लागणाऱ्या गतिरोधकांसारख्या. खरी गोष्ट असते प्रवासाची, आणि तो प्रवास सांगण्याचं निम्मं काम संगीत करतं.

आम्हाला तर सगळंच संगीताने सांगितलं. अक्षर कळत नव्हतं, म्हणून अर्थ कानाने लावावा लागे. सूर मंद्रात गेला की माणूस दुष्ट, तंतुवाद्यं थरथरली की कुणीतरी जाणार, आणि घंटा वाजली की थांबायची जागा आली. जिथे खेळ जतन करता येई त्या चमकत्या दगडाला आम्ही ‘मुक्काम’ म्हणायचो. एक दाढीवाला म्हातारा होता, त्याला कितीही वेळा भेटा, तो तेच बोले आणि दुसऱ्याच कुणाकडे तरी पाठवून देई. त्याचं नाव आम्ही ‘तलाठी’ ठेवलं. पुढे कित्येक वर्षांनी इंग्रजी आवृत्ती हाती आली तेव्हा कळलं की तो त्या राज्यातला महान ऋषी होता आणि विश्वाचं रहस्य सांगत होता. बालाजी अजूनही त्याला तलाठीच म्हणतो. आम्ही खेळतो कमी आणि बसतो जास्त, हे रहीमभाईंना पहिल्यापासून खटकायचं. “गाने सुनने कू आते क्या रे तुम लोगां? खेलते तो नै!” असं ते म्हणायचे, आणि मग स्वतःच जाता जाता त्या टीव्हीचा आवाज थोडा वाढवून जायचे.

त्या सगळ्या खेळांतला एक आमचा. त्याचं खरं नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्या नावाने आम्ही त्याला कधी हाक मारली नाही. आमच्यासाठी तो ‘गावचा खेळ’. त्याची सुरुवात एका डोंगरपायथ्याच्या गावात होते. विहीर, चार-दोन घरं, वाळत घातलेली कणसं, दारात बसलेली म्हातारी, आणि या साऱ्यावर पांघरलेली ती धून: बासरी, तिच्या मागे तारांचा संथ झोका, आणि सगळ्यांत खाली ते दोन ठोके आणि रिकामी मात्रा. मुलाने वेस ओलांडली की त्या रात्री गाव जळतं. ते टाळता येत नाही. पुढे अर्धा खेळ तो उजाड जगात हिंडतो, विखुरलेले गावकरी एकेक करून शोधतो आणि नदीच्या पलीकडे त्यांचं नवं गाव वसवतो. इथे त्या खेळाच्या संगीतकाराने काय करावं? जुन्या गावाची धून त्याने वाद्यावाद्याने परत आणली. सुतार आला की तारा येतात, धनगर आला की बासरी, असं करत करत शेवटी सगळं गाव गोळा होतं आणि धून पुरी होते. पण पुरी होत नाही. ते दोन ठोके परत येत नाहीत.

या नव्या गावाचं नाव आम्ही ठेवलं ‘पुनर्वसन’. त्यात डोकं चालवण्यासारखं काही नव्हतं. आमच्या भागात किल्लारीच्या भूकंपानंतर जी नवी गावं उभी राहिली त्यांना लोक आजही तेच म्हणतात. जीपवाल्याला “पुनर्वसनात सोडा” म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. एखाद्या सरकारी शब्दाचं इतक्या सहजपणे गाव व्हावं हे फक्त आमच्याकडेच घडलं असेल.

ठोके का परत येत नाहीत, यावर माझं आणि बालाजीचं तेव्हापासून भांडण. त्याचं म्हणणं तंत्राचं. जुन्या यंत्रांना एका वेळी मोजकेच आवाज काढता येत. अगदी सुरुवातीच्या यंत्रांना तर तीन-चारच, त्यात सूर, साथ, ताल सगळं बसवायचं. नव्या गावात माणसं वाढली, वाद्यं वाढली, जागा उरली नाही, म्हणून ठोके गळाले. “पेटीला जेवढे सूर तेवढेच वाजणार, त्यात काय रडून राहिलास,” असं तो म्हणे. मला ते पटत नसे. एवढी जपून विणलेली धून आणि नेमकं तेवढंच सुटावं? ते मुद्दाम सोडलंय, असं माझं म्हणणं. पुढे इंटरनेट आलं तेव्हा कळलं की जगभर आमच्यासारखी येडी माणसं याच ठोक्यांवरून एकमेकांची उणीदुणी काढत बसलेली आहेत, आणि संगीतकार मात्र यावर चकार शब्द बोललेला नाही.

आम्ही दोघं पोटापाण्याला लागलो. बालाजी भोकरकडच्या एका शाळेत मास्तर झाला, नांदेडात घर केलं. पण रविवारचा फोन कधी चुकला नाही. खेळ बदलत गेले. यंत्राच्या टुंटुणाटातून तबकडीवरचं खरं वाद्य आलं, मग गायिका आल्या, मग सत्तर-ऐंशी वादकांचे ताफे. प्रत्येक नव्या खेळाचं संगीत ऐकून आम्ही फोनवर त्याची चिरफाड करायचो. बालाजीला सगळं नवं आवडायचं. मला वाटायचं, वाद्यं वाढली तशी धून हरवत चालली. आता डोंगर दिसला की पन्नास व्हायोलिनं एकदम रडतात आणि डोंगर काही लक्षात राहत नाही. जुन्याकडे तीनच आवाज होते, त्यामुळे प्रत्येकाला काहीतरी बोलावंच लागे. “तू म्हातारा झालास,” बालाजी म्हणे. पण त्याच बालाजीने एका भजनाआधी पेटीवर आमच्या गावाची धून वाजवली होती. भोकरच्या म्हाताऱ्यांनी डोळे मिटून माना डोलावल्या, आणि नंतर एकाने विचारलं, ही चाल कुठली? “लांबच्या गावची हाय,” बालाजीने सांगितलं. यात त्याने काहीच खोटं सांगितलं नव्हतं.

अर्चनाशी माझं लग्न झालं आणि या छंदाची एकदम पंचाईत झाली. ती किल्लारीची. इथल्याच शाळेत गणित शिकवते, मोजकं बोलते, आणि चिडली की आवाज चढवण्याऐवजी भांडी नेहमीपेक्षा हळू ठेवते. लग्नाला थोडे दिवस झाले असतील, मी फोनवर बालाजीशी वाद घालत होतो आणि भरात येऊन म्हणालो, “अरे, जुनं गाव जळालं तेच बरं झालं, त्याशिवाय पुनर्वसनाला मजा काय?” मागे वळलो तर ती दारात उभी. घरातली भांडी अतिशय हळू ठेवली जाऊ लागली. मला काही उमगेना. शेवटी एका संध्याकाळी तिनेच विचारलं, “कुणाचं गाव गेलं ते बरं झालं म्हणलालात तुम्ही?” तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. खुलासा करत बसण्याऐवजी मी सरळ माळ्यावरचं जुनं यंत्र काढलं, टीव्हीला जोडलं आणि तिला गावात नेऊन उभं केलं.

ती खुर्चीच्या कडेवर बसली होती, उठून जायच्या तयारीने. धून एकदा वाजली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, पुन्हा वाजली. मी मुलाला वेशीकडे नेऊ लागलो तसं तिने विचारलं, पुढे काय होतं? मी सांगितलं. “मग नका जाऊ,” ती म्हणाली. “हितंच राहू द्या.”

तेव्हापासून आमच्या घरात हा खेळ खेळायचा कमी आणि लावून ठेवायचा जास्त झाला. संध्याकाळी मुलगा विहिरीजवळ उभा असतो, कुणी त्याला हलवत नाही, धून फिरत राहते, आणि अर्चना उत्तरपत्रिका तपासते. शेजारपाजारच्यांना वाटतं की सरांकडे कसली तरी ध्यानाची कॅसेट लावतात. क्वचित कधी पुढे जायचंच झालं तर गाव जळण्याच्या प्रसंगाला मी आवाज पूर्ण बंद करतो. ते कधी ठरवलं नाही, तसं होत गेलं. पण पुनर्वसनाची धून तिला आवडत नसे. चांगलीच आहे, म्हणायची, आणि दुसऱ्या खोलीत जायची.

भूकंप झाला तेव्हा ती पाच वर्षांची होती. त्या पहाटे तिची माय कोसळलेल्या माळवदाखाली गेली, ही आणि तिचे वडील, तात्या, वाचले. मायचा फोटो नाही. तिचं लुगडं नाही, तिच्या हातची एखादी वस्तू नाही. इतकंच असतं तरी अर्चनाने ते सोसलं असतं. तिला सोसवत नव्हतं ते हे, की तिला मायचं काहीच आठवत नव्हतं. चेहरा नाही, आवाज नाही. पाच वर्षांच्या पोरीला थोडं तरी आठवायला हवं, असं ती स्वतःवरच रागावून म्हणायची. सगळं होतं ते तात्यांकडे, आणि तात्या बोलत नसत. मायचं नाव निघालं की ते उठायचे, चपला घालायचे आणि बैल नसलेल्या गोठ्यात जाऊन उभे राहायचे. लहानपणी तिने विचारणं सोडलं, मोठेपणी पुन्हा सुरू केलं, पुन्हा सोडलं. आणि गेल्या वर्षापासून तात्यांचं विसरणं वाढलं. मला ते कधी कधी त्यांच्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारू लागले, जो भाऊ केव्हाच वारला. “त्यांच्याकडनं पुसलं गेलं की मग माय कुठंच न्हाई,” अर्चना एकदा म्हणाली. ती गणिताची बाई आहे. शून्य म्हणजे काय ते तिला नीट कळतं.

गेल्या मार्गशीर्षात तात्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले. ऑपरेशन सुरळीत झालं, पट्टीही निघाली, पण डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि डोळ्यांना ताण देऊ नका म्हणून सांगितलं. तात्यांनी ते इतकं मनावर घेतलं की चष्म्याआड डोळे मिटूनच ते दिवसभर दिवाणावर बसून राहायचे. त्यांनी कायमचं इथेच राहावं अशी अर्चनाची इच्छा होती. “डोळा सुधारला की जीपात बसवून द्या जावईबापू,” ते मला बाजूला घेऊन सांगायचे. “हितं मला करमत न्हाई.”

याच दिवसांत ‘गावच्या खेळा’ची नवी आवृत्ती निघाली, जुनाच खेळ, नव्या यंत्रावर, आणि संगीत सगळं खऱ्या वाद्यवृंदाकडून पुन्हा वाजवून घेतलेलं. आमच्या भांडणाचा निकाल लागायची वेळ आली होती. आता आवाजांची टंचाई नव्हती, हवे तेवढे वादक होते. ठोके परत आले तर बालाजीचं खरं, नाही आले तर माझं. बालाजीने महिनाभर खपून खेळ पुनर्वसनाच्या वेशीपर्यंत आणला, आत पाऊल मात्र टाकलं नाही, आणि एका रविवारी यंत्र पिशवीत घालून, सोबत अर्धापूरच्या केळ्यांचा घड घेऊन अहमदपूरमार्गे लातूरला आला. आल्याआल्या त्याने तात्यांच्या पाया पडून विचारलं, आवाजाने त्रास तर नाही ना होणार? “लावा की,” तात्या म्हणाले. “डोळ्याला मनाई हाय, कानाला कुठं हाय?”

सकाळ सगळी आम्ही जुन्या गावातच काढली. नवी धून ऐकली आणि नव्या-जुन्याच्या वादात मी मनातल्या मनात थोडा हरलो. इतकी सुंदर होती ती. बासरीत आता खरा श्वास होता, वादकाने दम घेतलेला कळत होता, आणि तळाशी ते दोन ठोके आता खऱ्या लाकडावर पडत होते, टक टक, आणि मग ती रिकामी मात्रा. बालाजी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहत होता. अर्चना दारात बसून मेथी निवडत होती. तात्या डोळे मिटून बसले होते, आणि जेवणाची वेळ होईपर्यंत ती धून त्यांच्याभोवती फिरत राहिली. हा खेळ आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मध्येच एकदा त्यांनी विचारलं, “कुठल्या गावचा कार्यक्रम लागलाय?” बालाजीने नेहमीचं उत्तर दिलं, की लांबच्या गावचा आहे. तात्यांनी मान हलवली.

जेवणं झाली. ऊन तिरपं होऊन फरशीवर आलं, तुरीचा वास उतरू लागला. बालाजीने त्याचा मुक्काम उघडला. नदीवरचा पूल, पलीकडे पुनर्वसन. सरळ रेषेत आखलेली घरं, रुंद रस्ते, नवी विहीर. अर्चना नेहमीप्रमाणे उठून आत जाईल असं मला वाटलं, पण ती मेथीची रिकामी परात मांडीवर तशीच घेऊन बसून राहिली. आम्ही आत गेलो.

धून आली. बासरी आली, तारा आल्या, जुन्या गावात नव्हती अशी वाद्यंही आली, सगळं भरून, तुडुंब. मी तळाकडे कान लावला. ठोके नव्हते. ऐंशी माणसं वाजवत होती आणि त्या दोन ठोक्यांची जागा त्यांनी झाडून-पुसून रिकामी ठेवली होती. मी जिंकलो होतो. बालाजीने हात खाली ठेवले आणि हळूच म्हणाला, “मुद्दाम हाय रे हे.” इतक्या वर्षांचं भांडण मिटलं होतं आणि आता रविवारी काय बोलायचं, अशी एक विचित्र भीती मला वाटून गेली.

आणि तेव्हा मला ठोके ऐकू आले. टक टक, आणि थांबणं. टक टक, आणि थांबणं. अगदी नेमक्या जागी. मी टीव्हीकडे पाहिलं, बालाजीने माझ्याकडे पाहिलं. अर्चना मात्र दिवाणाकडे पाहत होती. तात्यांची बोटं दिवाणाच्या लाकडी कडेवर पडत होती. डोळे मिटलेले, मान किंचित कललेली, आणि दोन बोटं त्या रिकाम्या जागेत आपोआप, जराही न चुकता. सकाळभर ऐकलेलं हाताने उचललं असेल, असं मला वाटलं. मी तसं म्हणणारही होतो.

“तात्या,” अर्चनाने विचारलं, “काय वाजवलालाव?”

“आं?” बोटं थांबली. त्यांना बहुधा आपण काही वाजवत होतो हेच ठाऊक नव्हतं. मग ते म्हणाले, “ह्यात भाकरीचा आवाज न्हाई. सकाळच्याला होता.”

धून संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

“भाकरी थापल्याचा,” ते पुढे म्हणाले, समजावून सांगावं तसं. “आपल्या गल्लीत कोण भाकर करतंय ते नुसतं ऐकून कळायचं. घराला घर लागून. कुणाची घाईची थाप, कुणाची जड. नव्या गावात घरं लई लांब लांब. कुणाची भाकर कुणाला ऐकूच येत न्हाई.”

“आणि मायची?” अर्चनाने विचारलं. तिचा आवाज मी इतका लहान कधी ऐकला नव्हता. मला वाटलं, झालं, आता तात्या उठतील, चपला शोधतील. पण चपला शोधायला डोळे उघडावे लागले असते.

“तुझी माय दोन थापा मारायची अन् थांबायची,” तात्या म्हणाले. बोटं पुन्हा कडेवर पडली. “दोन मारायची अन् थांबायची. सगळ्यात येळ लागायचा तिला भाकरी करायला. माझी आई म्हणायची, अगं हिला कुणी भाकर शिकवली? पर ती थांबायचीच.”

“का?”

“तू पाळण्यात. तुझी चाहूल घ्यायची. उठलीस का, रडलालीस का. थापताना ऐकू येत न्हाई ना बांगड्यांमुळं.” ते थोडं हसले. “पुढं तू चालाया लागलीस, पळाया लागलीस, तरी थांबायचीच. सवय पडली.”

अर्चना परात बाजूला ठेवून दिवाणाशी जमिनीवर जाऊन बसली होती. “अन् मग?” ती म्हणाली.

“मग काय? मग पुन्हा दोन थापा.”

बालाजी उठला आणि केळी आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेला. केळी बाहेरच होती. मी टीव्हीचा आवाज कमी करावा की राहू द्यावा हे न कळून हातात रिमोट धरून बसून राहिलो. त्या ठोक्यांचा आणि त्यांच्यामागच्या रिकाम्या मात्रेचा विचार मी इतकी वर्षं केला होता, त्यांच्यावर फोनवर तासन्‌तास बोललो होतो, आणि मला ती मात्रा नेहमी उणीव वाटत आली होती, काहीतरी गेलं म्हणून उरलेली. थांबणारी बाई ऐकत असू शकते, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. अर्चनाने तात्यांचा हात हातात घेतला होता आणि त्यांची बोटं तिच्या तळहातावर मधूनमधून हलत होती.

संध्याकाळच्या गाडीला बालाजीला सोडायला मी स्टँडवर गेलो. वाटेत आम्ही नवीन वादाचा विषय शोधायचा प्रयत्न केला आणि तो लगेच सापडलाही. त्याच्या मते शेवटच्या लढाईचं संगीत नव्या आवृत्तीत सुधारलंय, माझ्या मते बिघडलंय. गाडी सुटताना त्याने खिडकीतून विचारलं, “त्या बुवाला कसं कळलं असेल रे, भाकरीचं?” त्या लांबच्या संगीतकाराला, असं त्याला म्हणायचं होतं. तिकडे भाकरी नसते, मी म्हणालो. “काहीतरी असंलच की,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तात्या जीपने परत जाणार होते. राहा म्हणून अर्चनाने त्या सकाळी आग्रह केला नाही. ती लवकर उठली होती. मी जागा झालो तेव्हा खिडकीतून थंड, स्वच्छ उजेड आत आला होता, बाहेर कुणीतरी अंगण झाडत होतं, आणि स्वयंपाकघरातून भाकरीचा आवाज येत होता. अर्चना भाकरी भराभर थापते, एका लयीत, शाळा गाठायची असते तिला. तो आवाज मी इतकी वर्षं ऐकत आलोय आणि कधीच ऐकलेला नाही. त्या सकाळी मी तो ऐकला. दोन थापा पडल्या आणि ती थांबली. पुन्हा दोन, पुन्हा थांबली. त्या थांबण्यात तिला काय ऐकू येत होतं ते मी विचारलं नाही, अजूनही विचारलेलं नाही. बाहेरच्या खोलीत दिवाण किंचित करकरला.

“उठलो गं मी,” तात्या म्हणाले.

आत थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग पुन्हा दोन थापा पडल्या.